‘आय ब्रॉट देम बॅक अप’: वॉर्डातल्या एका वाक्याचं प्रकरण

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका सरकारी रुग्णालयात, पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात, सकाळच्या पाळीत हा प्रसंग घडला. परिचारिका मूळची सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यमातून शिकलेली. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून तिनं मिरजेत बरीच वर्षं सर्जरी वॉर्ड सांभाळला होता. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेची तयारी तिनं माझ्याकडे केली होती, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. तिच्या संमतीनं लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटेल असं यात काही नाही.

रुग्ण साठी ओलांडलेले गृहस्थ. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली. त्याच सकाळी त्यांना खालच्या मजल्यावरच्या वॉर्डातून वर हलवलं होतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. औषधांची फेरी करताना तिनं विचारलं, ‘हॅव यू हॅड युअर मॉर्निंग टॅब्लेट्स?’

‘आय डिड, लव्ह, बट आय ब्रॉट देम स्ट्रेट बॅक अप.’

तिला कळलं ते असं: गोळ्या खाली मिळाल्या होत्या, त्या यांनी तशाच वर आणल्या. म्हणून तिनं पलंगाशेजारच्या कपाटाकडे हात केला आणि विचारलं, ‘व्हेअर डिड यू कीप देम?’

ते वैतागून म्हणाले, ‘आय डिडन्ट. दॅट्स व्हॉट आयम टेलिंग यू. कान्ट कीप अ थिंग डाउन.’

तिनं खालच्या खणाकडे पाहिलं. पोटावर टाके आहेत, वाकता येत नाही, म्हणून यांना खाली काही ठेवता येत नसणार असा तिचा समज झाला. तिनं अगदी मायेनं सांगितलं की काळजी करू नका, तुमचं सामान मी ठेवून देते. गृहस्थ गप्प झाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. शेजारच्या पलंगापाशी असलेल्या वॉर्ड सिस्टरनं, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेनं, हे ऐकलं, पुढे येऊन विचारलं, ‘बीन सिक, हॅव यू?’ आणि मग सगळा उलगडा झाला. गोळ्या घेतल्याबरोबर त्यांना उलटी झाली होती. रात्रीपासून पोटात काहीच ठरत नव्हतं.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या होणं ही परिचारिकेनं तातडीनं कळवायची गोष्ट आहे. आतड्यांची हालचाल मंदावून थांबल्याची ती खूण असू शकते. शिवाय गोळी पोटात किती वेळ राहिली यावरून ती पुन्हा द्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. सिस्टर जवळ होती म्हणून डॉक्टरांना लगेच कळवलं गेलं, नोंद झाली, रुग्णाला त्रास झाला नाही. पण परिचारिका हादरली होती. ‘मॅडम, मिरजेत असते तर पेशंटचा नुसता चेहरा बघून मला कळलं असतं,’ असं ती फोनवर म्हणाली. माझ्या मते तिनं स्वतःच केलेलं हे निदान सर्वांत अचूक होतं. तिचं वैद्यकीय ज्ञान कुठेही कमी पडलं नव्हतं. कमी पडली ती माणसं आपल्या शरीराबद्दल घरगुती इंग्रजीत कशी बोलतात याची ओळख.

तिला काय ऐकू आलं

त्या फोननंतर आम्ही व्हिडिओवर बसायला लागलो. पहिल्या बैठकीत मी तिला एकच काम दिलं. काय समजलं ते बाजूला ठेव, कानावर काय पडलं ते देवनागरीत जसंच्या तसं लिही. तिनं लिहिलं: ‘आडिडलव्ह बटाय ब्रॉटम स्ट्रेट बॅकप’.

हे लेखन मला फार मोलाचं वाटतं. चालत्या बोलण्यात ‘देम’चा ‘द’ गळून नुसतं ‘अम’ उरतं आणि ते आधीच्या ‘ब्रॉट’ला चिकटतं. ‘बॅक’ आणि ‘अप’ हे दोन शब्द जोडून ‘बॅकप’ होतात. आणि ‘बॅकअप’ हा शब्द तर आपण मराठीत रोज वापरतो: मोबाइलचा बॅकअप, जनरेटरचा बॅकअप. तिच्या कानानं ओळखीचं नाम पकडलं आणि वाक्यातलं क्रियापद विस्कटून टाकलं. रुग्णानं जवळ राखून ठेवलेल्या गोळ्या, हा अर्थ तिला सुचला त्यामागे हेही होतं. त्यातच ते खरोखर खालच्या मजल्यावरून वर आले होते, त्यामुळे ‘अप’चा शब्दशः अर्थही तंतोतंत बसला. चुकीचा अर्थ असा सगळ्या बाजूंनी नीट बसतो तेव्हा माणसाला शंका येत नाही. शंका आली नाही की तो पुन्हा विचारतही नाही.

इथे मराठी बोलणाऱ्यांसाठी कानाची एक गोष्ट सांगते. शिकवणीत ती फारशी सांगितली जात नाही. क्रियापद आणि त्यामागचा लहान शब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी म्हणजे फ्रेजल व्हर्ब. त्यातल्या लहानशा शब्दावर इंग्रज माणूस जोर देतो. ‘शी पास्ड आउट’ म्हणताना जोर ‘आउट’वर असतो. ‘आय थ्रू अप’मध्ये तो ‘अप’वर असतो. याउलट ‘लुक ॲट धिस’मधलं ‘ॲट’ जवळजवळ ऐकूच येत नाही. आपल्या शाळेत हे सगळे लहान शब्द एकाच डब्यात टाकलेले असतात, प्रिपोझिशन म्हणून, आणि मनात एक समज पक्का होतो की लहान शब्द म्हणजे बिनमहत्त्वाचा शब्द. कान मग मोठ्या शब्दांच्या मागे धावतो: ब्रॉट, स्ट्रेट, टॅब्लेट. अर्थ मात्र ‘अप’मध्ये बसलेला असतो.

मधे सर्वनाम आलं की हे आणखी स्पष्ट ऐकू येतं. ‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ दोन्ही चालतं, पण ‘शूज’च्या जागी ‘देम’ आलं की ‘टेक देम ऑफ’ एवढंच बरोबर. ‘टेक ऑफ देम’ कुणी म्हणत नाही. सर्वनाम मधे दबतं आणि शेवटचा लहान शब्द ठणकावून येतो: ‘टेकम ऑफ’, ‘पुटिट ऑन’, ‘ब्रॉटम अप’. वाक्याच्या शेवटी जोरात आलेला लहान शब्द ऐकला की थांबायचं आणि आधीच्या क्रियापदाशी त्याची सांगड घालून बघायची. तिला मी नियम म्हणून एवढंच दिलं. बाकीचं व्याकरण तिला आधीच येत होतं.

वहीत काय होतं

तिची शब्दार्थांची जुनी वही तिनं कॅमेऱ्यासमोर उघडली. ‘ब्रिंग अप’ त्यात होतं: मुद्दा मांडणे, लहानाचे मोठे करणे. दोन्ही अर्थ बरोबर. पण शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रुग्णाच्या तोंडी येणारा तिसरा अर्थ, म्हणजे उलटीतून किंवा खोकल्यातून बाहेर काढणे, तिथे नव्हता. परीक्षेत तिला श्रवणात बी श्रेणी होती, म्हणजे ३५० किंवा त्याहून जास्त गुण. तिकडच्या नोंदणीसाठी एवढे लागतातच. म्हणजे कान कच्चा होता असंही म्हणता येत नाही.

गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहातून फ्रेजल व्हर्ब मोजले. वीस क्रियापदं आणि आठ लहान शब्द यांच्या जोड्यांनीच एकूण वापरापैकी निम्म्याहून जास्त वापर व्यापलेला आढळला. हे वाचून हायसं वाटतं. पण त्याच अभ्यासात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर फ्रेजल व्हर्बचे मिळून ५५९ अर्थ निघाले, म्हणजे एकेकाचे सरासरी साडेपाच. शब्द थोडे आणि अर्थ भरमसाट. ‘एक इंग्रजी, एक मराठी’ अशी वही इथे पुरी पडणार नाही, ती कितीही नेटानं लिहिली तरी.

वहीची रचनाही मला खटकते. बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत या जोड्या क्रियापदांप्रमाणे लावलेल्या असतात: ब्रिंग अबाउट, ब्रिंग डाउन, ब्रिंग इन, ब्रिंग अप. प्रत्यक्ष आयुष्यात हे चार एकत्र कधीच येत नाहीत. ‘ब्रिंग अप’च्या शेजारी बोलण्यात येतात ते ‘कीप डाउन’, ‘बी सिक’, ‘गो ऑफ माय फूड’. एकाच वेळी एकसारखी दिसणारी चार माणसं भेटवली तर नंतर नावांचा घोळ होणारच, आणि याद्यांनी नेमकं तेच होतं. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की क्रियापदामागे लहान शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कळलेली अडचण आजही आपण वर्णानुक्रमाच्या यादीनं सोडवू पाहतो, याचं मला वाईट वाटतं.

मिरजेचा वॉर्ड

मग मी तिला विचारलं, मिरजेत खेड्यातली आजी उलटीबद्दल तुला काय सांगायची? ती हसली आणि एका दमात सांगत गेली. पोटात काही ठरत नाही. खाल्लेलं सगळं उलटून पडतं. जेवणावरची वासनाच उडाली. रात्री ताप चढतो, पहाटे उतरतो. भूल उतरल्यावर ठणका लागला. सूज उतरली. अंगावर पुरळ उठलं. गुडघे बोलायला लागले. जुन्या दुखण्यानं डोकं वर काढलं.

हेच ते इंग्रजी होतं. पोटात ठरत नाही म्हणजे ‘कान्ट कीप एनिथिंग डाउन’. वासना उडाली म्हणजे ‘आयव्ह गॉन ऑफ माय फूड’. भूल उतरली म्हणजे ‘वोअर ऑफ’. सूज उतरली म्हणजे ‘गॉन डाउन’. पुरळ उठलं म्हणजे ‘ब्रोक आउट इन अ रॅश’. गुडघे बोलतात म्हणजे ‘माय नीज आर प्लेइंग अप’. दुखण्यानं डोकं वर काढलं म्हणजे ‘फ्लेअर्ड अप’. मिरजेतली कुठलीही आजी ‘मला वमन झालं’ म्हणत नाही आणि तिच्या रुग्णालयाच्या भागातले, यॉर्कशायरचे आजोबाही ‘आय व्हॉमिटेड’ सहसा म्हणत नाहीत. दुखणं सांगताना माणूस घरातली भाषा काढतो. तिनं नर्सिंगच्या पुस्तकातून शिकलेलं इंग्रजी मात्र डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचं होतं: नॉशिया, एमेसिस, एक्स्पेक्टोरेट, ॲम्ब्युलेट.

इथून तिचा आत्मविश्वास परत यायला लागला, असं मला दिसलं. आत्तापर्यंत फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजांचा लहरीपणा, त्याला काही तर्क नाही, असं तिनं धरलं होतं. चढणं, उतरणं, उडणं, उठणं ही हालचालीची क्रियापदं शरीराबद्दल वापरायची सवय तिला जन्मापासून होती. मराठी ही हालचाल क्रियापदात ठेवते आणि इंग्रजी ती बऱ्याचदा मागच्या लहान शब्दात ठेवते, एवढाच फरक. ‘अप’मध्ये पुरतं संपवण्याचा जो भाव असतो (‘ड्रिंक अप’, ‘फिनिश अप’) तो आपण सहायक क्रियापदानं आणतो: पिऊन टाका, संपवून टाका. नुसतं ‘प्या’ आणि ‘पिऊन टाका’ यांत फरक काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हे साम्य सगळीकडे लागू होतं असं मी तिला सांगितलं नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, याला कुठलीही हालचाल लावून बघितली तरी हाती काही लागत नाही. अशा जोड्या तोंडपाठ कराव्या लागतात. पण आजाराच्या बोलण्यात त्या तुलनेनं कमी असतात.

तिचं स्वतःचं बोलणं

ऐकण्याची गाठ सुटायला लागल्यावर दुसरी गाठ दिसली. ती स्वतः फ्रेजल व्हर्ब जवळजवळ वापरतच नव्हती. रुग्णाशी ती कशी बोलते ते मी तिला अभिनय करून दाखवायला सांगितलं. ‘प्लीज रिमूव्ह युअर कार्डिगन.’ ‘काइंडली एलिव्हेट युअर लेग.’ ‘आय विल डिसकंटिन्यू द ड्रिप.’ व्याकरण निर्दोष. पण आजारी माणसाला हे पोलीस चौकीतल्यासारखं ऐकू येतं. तिथल्या परिचारिका म्हणतात, ‘लेट्स गेट धिस कार्डिगन ऑफ’, ‘पुट युअर लेग अप फॉर मी’, ‘आयम गोइंग टु टेक युअर ड्रिप डाउन’. आणि ‘पॉप’ हे क्रियापद तर त्यांच्या तोंडी सतत: ‘पॉप अप ऑन द बेड’, ‘पॉप युअर स्लीव्ह अप’. तिला हे ‘पॉप’ बालिश वाटत होतं. मला ते फार माणुसकीचं वाटतं. त्यात हुकूम नसतो, घाई नसते. आपण नाही का म्हणत, ‘जरा हात पुढे करता का काका?’ त्या ‘जरा’चं काम हे ‘पॉप’ करतं.

फ्रेजल व्हर्ब टाळण्याची ही सवय तिच्या एकटीची नाही. डागुट आणि लाउफर यांनी १९८५ मध्ये हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तीच पाहिली होती. अर्थ माहीत असूनही ते फ्रेजल व्हर्ब सोडून एकशब्दी क्रियापद निवडत. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलेलं आहे, आणि त्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. मराठीत या जोड्या नाम होऊन आल्या: चेकअप, फॉलोअप, हँडओव्हर, मेकअप, सेटअप, पिकअप. त्यांना ‘करणे’ लावून आपण काम भागवतो. मग इंग्रजी बोलतानाही ‘आय विल डू द हँडओव्हर ऑफ धिस पेशंट’ असं वाक्य तयार होतं. चूक नाही, पण ‘आयल हँड हिम ओव्हर टु यू’ हे तोंडात येत नाही. मूळ इंग्रजी शब्द क्रियापद आहे, त्याच्या मधे माणूस बसवता येतो, हेच विसरायला झालेलं असतं.

आणि मग ‘पास आउट’. सहकाऱ्यांशी ओळख करून देताना तिनं सांगितलं होतं, ‘आय पास्ड आउट फ्रॉम नर्सिंग कॉलेज इन सांगली.’ समोरच्या बाईनं काळजीनं विचारलं, ‘ओह, व्हॉट हॅपन्ड?’ भारतीय इंग्रजीत पास आउट म्हणजे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं. ब्रिटनमध्ये हा अर्थ लष्करी आणि पोलीस प्रशिक्षणाच्या संचलनापुरता उरला आहे, रोजच्या बोलण्यात पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. रुग्णालयात तर नक्कीच. तिचा हा प्रयोग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आपल्या देशात कोट्यवधी लोक तो वापरतात आणि तो आपल्या इंग्रजीचा भाग आहे. फक्त त्या वॉर्डात ‘आय ट्रेन्ड इन सांगली’ म्हणायचं, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही.

काम कसं केलं

जुनी वही बंद केली. नवी वही पानापानाला एकेका प्रसंगाची: सकाळी उठवताना, औषधं देताना, शस्त्रक्रियेहून परत आल्यावर, शौचालयाला नेताना, घरी सोडताना. पाळी संपल्यावर कानावर पडलेलं एक वाक्य त्या त्या पानावर लिहायचं. पूर्ण वाक्य, नुसती जोडी नाही. रुग्णाचं नाव, आजार, पलंगाचा क्रमांक काहीही नाही. खाली, आपल्या गावचा रुग्ण हेच कसं म्हणाला असता ते मराठीत. शब्दकोशातला अर्थ सगळ्यांत शेवटी, आणि तोही अडलं तरच.

वॉर्डात रोज भेटणारी माणसं ठरावीक असतात आणि बोलणं फार भरभर होतं, म्हणून सरावासाठी मी तिला हेल्थटॉक या संकेतस्थळावरच्या मुलाखती दिल्या. त्यात ब्रिटनमधले खरे रुग्ण आपापल्या आजाराबद्दल मोकळेपणानं बोलतात आणि शेजारी लिखित संहिता असते. आधी संहिता न बघता ऐकायचं, देवनागरीत लिहायचं, मग पडताळायचं. वाक्य अडलं की त्याच चालीत, त्याच जोरानं मोठ्यांदा म्हणायचं. स्वतःच्या तोंडानं ‘ब्रॉटम अप’ म्हणता आलं की कानाला ते लवकर सापडतं. हा माझा वर्गातला जुना अनुभव आहे.

सर्वांत आधी मात्र सुरक्षिततेचं वाक्य पक्कं केलं. न समजल्यास ‘सॉरी?’ किंवा ‘पार्डन?’ म्हणून भागत नाही, कारण समोरचा तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणतो. आपल्याला काय समजलं ते साध्या शब्दांत परत विचारायचं: ‘यू मीन यू वर सिक? द टॅब्लेट्स केम आउट?’ यातलं ‘सिक’ही नीट समजून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये ‘आयव्ह बीन सिक’ म्हणजे बहुधा उलटी झाली. आपण ते नुसतं आजारी असणं म्हणून ऐकतो. त्या सकाळी सिस्टरचा प्रश्न हाच होता आणि खरं तर तो प्रश्न ऐकूनही परिचारिकेला पूर्ण उलगडा झाला नव्हता. रुग्णानं हातानं तोंडापासून खाली खूण केली तेव्हा झाला.

‘गो ऑफ’ आणि ‘कम राउंड’

नव्या वहीतल्या दोन नोंदींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला.

पहिली: ‘हर पंप्स गॉन ऑफ अगेन.’ सलाइनचा पंप. आपल्या कानाला ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ, लाइट ऑफ. म्हणून तिनं धरलं की पंप बंद पडला आणि ती बॅटरी, वायर बघायला धावली. सहकारी सांगत होती की पंपाचा गजर वाजतोय. घड्याळाचा गजर, आगीची घंटा, फटाका, बाँब यांच्याबाबतीत ‘गो ऑफ’ म्हणजे अचानक सुरू होणं. दिव्याच्या बाबतीत तेच ‘गो ऑफ’ म्हणजे बंद होणं. दुधाच्या बाबतीत नासणं. माणसाच्या बाबतीत जेवणावरचं मन उडणं. मी तिला सांगितलं की इथे ‘ऑफ’चा अर्थ काय हा प्रश्नच टाकू नकोस, कर्ता कोण आहे ते बघ. वाजणारी वस्तू असेल तर वाजली, विजेचा दिवा असेल तर बंद झाला, खायची असेल तर नासली. कर्त्यावरून अर्थ काढायची ही सवय तिला लागली आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच झाला असं मला वाटतं.

दुसरी: ‘कम राउंड’. एकाच दुपारी तिनं ते तीन अर्थांनी ऐकलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवतात त्या रिकव्हरी खोलीतून फोन आला की अमुक रुग्ण ‘कमिंग राउंड नाइसली’, म्हणजे भुलीतून शुद्धीवर येतोय. त्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, माझी मुलगी संध्याकाळी ‘कमिंग राउंड’, म्हणजे भेटायला येतेय. आणि सिस्टर म्हणाली, डॉक्टर चारला ‘कमिंग राउंड’, म्हणजे फेरीला येणार. तिन्ही वाक्यं तिला समजली, आणि समजली हे तिनं मला आवर्जून कळवलं. पूर्वी तिनं पहिलाच अर्थ शोधत बसून पुढची वाक्यं गमावली असती. संदर्भ धरून ठेवणं म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

आजची स्थिती

समोरासमोरच्या बोलण्यात तिला आता फारसं अडत नाही. बोलताना ती मोजकेच फ्रेजल व्हर्ब वापरते: टेक ऑफ, पुट ऑन, सिट अप, लाय बॅक, रोल ओव्हर, वेअर ऑफ, गो डाउन, कट डाउन, हँड ओव्हर. समजतात त्याहून बरेच कमी. तसंच असावं असं माझं मत आहे. परक्या भाषेत समज नेहमी वापराच्या पुढे असते आणि रुग्णाला तिच्याकडून ब्रिटिश वळणाच्या बोलण्याची अपेक्षा नाही, आपलं म्हणणं पोचावं एवढीच आहे. तिच्या वॉर्डात केरळच्या आणि फिलिपीन्सच्या परिचारिका पुष्कळ आहेत. नवी वही त्यांनीही वापरायला घेतली आहे, खालची ओळ आपापल्या भाषेत लिहून.

अडचण राहिली आहे ती टेलिफोनची. नातेवाईक फोन करतात, चेहरा दिसत नाही, हाताची खूण नाही, मागे वॉर्डाचा गोंगाट, आणि यॉर्कशायरची बोली. ‘इज ही पिकिंग अप?’ (सुधारतोय का?), ‘हॅज ही पर्क्ड अप अ बिट?’ (जरा तरतरी आली का?), ‘कॅन यू पुट मी थ्रू टु सिस्टर?’ (सिस्टरला फोन जोडून द्याल का?), ‘आयल रिंग बॅक’. पहिल्या वाक्यात ती अजून फसते, कारण फोनवर ‘पिक अप’ म्हटलं की मराठी मनाला फोन उचलणंच आठवतं. तिनं फोनचं स्वतंत्र पान केलं आहे. सध्या आठवड्यातून एकदा मी व्हिडिओ बंद ठेवून, रुग्णाची बहीण होऊन तिला फोन करते आणि ती वॉर्डातली परिचारिका म्हणून बोलते.